रुमालावरचा हिरवा उजेड

दूध प्यायच्या आधी ते दोनदा हुंगून बघणाऱ्या या मुलीचं पुढे कसं व्हायचं, अशी तिच्या आईला काळजी असायची. कुणी गोळी-चॉकलेट पुढे केलं तरी ही आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची. घराला कुलूप लावून निघाली की कोपऱ्यावरून परत यायची आणि कुलूप ओढून बघायची. लग्न ठरलं तेव्हा आईने तिला जवळ बसवून एवढंच सांगितलं होतं, की नवऱ्याला फार खोदून खोदून विचारत जाऊ नकोस, माणसं वैतागतात.

पण याच स्वभावाचं धुलाई कारखान्यात सोनं झालं. शहरातल्या मोठ्या हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं तिथे धुवायला यायची. सुरुवातीला ती घड्या घालायच्या टेबलावर होती, मग गरम रोलरवर गेली. एक दिवस धुऊन, वाळून, घडी होऊन निघालेल्या गठ्ठ्यातली एक चादर तिने नुसती चाचपून बाजूला काढली आणि मुकादमाला सांगितलं, की हिच्यात काहीतरी आहे. मुकादमाला काही दिसेना. दिसत तिलाही नव्हतं, पण ती हटूनच बसली. शेवटी मुकादमाने ती चादर अंधाऱ्या खोलीत नेऊन जांभळ्या दिव्याखाली पसरली, तर मधोमध ताटाएवढा डाग. लवकरच तिची बदली त्या खोलीत झाली आणि कारखान्यात सगळे तिला दिवेवाली म्हणायला लागले.

खोलीला खिडकी नव्हती. दाराला आतून काळा पडदा, मधे लांब टेबल आणि टेबलावर लोंबणाऱ्या दोन नळ्या. त्या पेटल्या तरी खोली काही उजळायची नाही, नुसता जांभळट अंधार पसरायचा. पण त्या अंधारात पांढरी चादर टाकली की ती निळी पेटून उठायची. साबणाच्या भुकटीत चमक आणणारं काहीतरी असतं, त्याची ही करामत. डाग असेल तिथे ती चमक विझलेली दिसायची, नाहीतर भलत्याच रंगात उमटायची. तेलाचा डाग वेगळा, घामाचा वेगळा, मलमाचा वेगळा. एकाही पाहुण्याचं तोंड न बघता तिला सगळे पाहुणे पाठ होते. अंथरुणात बसून कोण खातं, पाय न धुता कोण झोपतं, पाठीला मलम लावून घ्यायला कोण सोबत आहे आणि कोण स्वतःच कसंबसं लावतं, हे तिला चादर सांगायची. बाहेर सगळं पांढरंच दिसतं, असं ती नव्या बायकांना सांगायची, आणि पांढरं दिसतं म्हणून गप्प बसायचं नसतं.

नवरा शहर बसवर ड्रायव्हर होता. अंगाने थोराड, चालीने संथ, बोलायला कमी. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती, त्यामुळे घरात दोघंच. त्याच्यावर संशय घ्यायला तिला इतक्या वर्षांत जागाच मिळाली नव्हती. तो वेळेवर जायचा, वेळेवर यायचा, पगार आणून कपाटात ठेवायचा. कधीकधी तिला याचाच संशय यायचा.

मग त्याचं वागणं बदललं. दर गुरुवारी उशीर व्हायला लागला. विचारलं तर म्हणायचा, रस्ते तुंबलेले असतात. घरी यायचा तेव्हा डोळे लाल. एकदा आत येताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला, एकदा हाताशी ठेवलेला चहाचा कप कोपराने उडवला आणि तो तिथे होता हे दिसलंच नाही म्हणाला. ती शेजारून चालत असली तर तो तिच्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. पूर्वी भाजी घेताना ती मागे राहिली तर थांबायचा, आता सरळ नाकासमोर चालत सुटायचा. संध्याकाळी मोटारसायकल बाहेर काढणंही त्याने सोडलं. पेट्रोल महाग झालंय म्हणे.

लाल डोळे आणि आपटणारा खांदा यांचा अर्थ लावायला फार डोकं लागत नाही. जेवण वाढायच्या निमित्ताने तिने त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. कसलाच वास नव्हता. यामुळे तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण ती जास्तच बिथरली. वास येऊ नये म्हणून काहीतरी चघळून येत असणार, असं तिने ठरवून टाकलं.

कारखान्यात कामगारांना आठवड्यातून एकदा घरचे कपडे धुवायची मुभा होती. तिने घरचं बोचकं धुतलं, वाळवलं, आणि सवयीने एकेक कपडा दिव्याखाली धरला. नवऱ्याचा रुमाल आला आणि तिचा हात थांबला. रुमाल निळा पेटला होता, पण त्याच्या मधोमध हिरवे ठिपके होते. साधे हिरवे नाहीत, पिवळट, झगझगीत, जणू कापडाच्या आत कुणी बारीक बारीक दिवे पेरलेत. तिने शर्ट उलटा केला. बाहीच्या टोकाला तोच हिरवा फराटा. तिने नळ्या विझवल्या आणि बाहेरच्या उजेडात रुमाल धरला. जेमतेम पिवळसर झाक. परत आत नेला, परत हिरवे ठिपके.

इतक्या वर्षांत असा रंग तिने चादरीवर पाहिला नव्हता. तिने तो रुमाल रोलरवरच्या इस्त्रीवालीला दाखवला, पण कुणाचा आहे ते सांगितलं नाही. इस्त्रीवाली म्हणाली, तिचा पुतण्या कुठल्याशा नाचाच्या हॉलमध्ये जातो, तिथे आत सोडताना मनगटावर शिक्का मारतात. तो शिक्का असा दिसत नाही, आतल्या जांभळ्या दिव्यांतच चमकतो.

दिवेवालीने रुमालाची घडी घातली आणि पिशवीच्या तळाशी ठेवली. पन्नाशीला आलेला, गुडघा दुखतो म्हणून जिना टाळणारा आपला नवरा नाचाच्या हॉलमध्ये काय करत असेल, याचं चित्र तिला काही केल्या डोळ्यांसमोर आणता येईना. पण चित्र येत नाही म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. त्या गुरुवारी तिने डेपोत फोन लावला आणि आवाज बदलून चौकशी केली. ते तर दुपारीच सुटले, असं पलीकडून उत्तर आलं. नवरा आला दिवेलागणीला. रस्ते तुंबले होते म्हणाला.

तिने भांडण केलं नाही. अर्धवट पुराव्यावर बोलून समोरच्याला सावध करायचं नसतं, हे तिला कामानेच शिकवलं होतं. तिने आधी नणंदेला गाठायचं ठरवलं.

नणंद, म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण, लहान मुलांच्या शाळेत शिक्षिका होती. भावाचं आणि तिचं गूळपीठ. भावाचं काही असेल तर तिला ठाऊक असणारच, असा दिवेवालीचा हिशेब. ती सहज म्हणून शाळेत गेली आणि भाऊ अलीकडे घरी येतो का, असं विचारलं. नणंद म्हणाली, महिना झाला तोंड दाखवलं नाही. आणि लगेच, जरा जास्तच आनंदाने, म्हणाली, "वहिनी, बरं झालं आलात. मुलांना उजेड शिकवायचाय मला. दिसणारा आणि न दिसणारा. तुमचा तो जांभळा दिवा घेऊन एक दिवस याल का?"

विषय इतक्या झटकन बदलला की दिवेवालीच्या मनात पाल चुकचुकली. ही आपल्याला गोड बोलून गुंतवतेय, असं तिला वाटलं. तरी ती हो म्हणाली. मुलांचं आटोपलं की बाईला एकटीला बसवून सगळं वदवून घेता येईल. तिने मुकादमाकडून हातात धरायचा छोटा दिवा मागून आणला, आणि तो रुमालही बरोबर घेतला.

वर्ग तळमजल्यावर होता. गुडघ्याएवढ्या खुर्च्या, भिंतीवर मुलांच्या हातांचे रंगीत ठसे, खिडक्यांना जाड पडदे. एका खिडकीचा पडदा थोडा उघडा ठेवून नणंदेने काचेचा लोलक उन्हात धरला होता आणि समोरच्या कागदावर रंगांची पट्टी पडली होती. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला जांभळा. त्याच क्रमाने रंगीत फिती हातात देऊन तिने मुलांना ओळीत उभं केलं होतं. लालच्या अलीकडे एक रिकामी खुर्ची, जांभळ्याच्या पलीकडे एक रिकामी खुर्ची.

"या दोन खुर्च्यांवर कोण बसलंय?" नणंदेने विचारलं.

मुलं म्हणाली, कुणीच नाही.

नणंद म्हणाली, बसलंय, पण आपल्याला दिसत नाही. उन्हात जेवढे रंग असतात तेवढे सगळे आपल्या डोळ्यांना ओळखता येत नाहीत. मधले तेवढे ओळखतात. लालच्या बाहेरही उजेड असतो आणि जांभळ्याच्या बाहेरही असतो. तो खरा असतो, फक्त आपल्या डोळ्यांना त्याची ओळख नाही. मधमाशीला जांभळ्याच्या बाहेरचा थोडा दिसतो, म्हणून तिला फुलांवर अशा रेघा दिसतात ज्या आपल्याला कधीच दिसत नाहीत. एका मुलाने लगेच, मधमाशीने आपल्याला सांगितलं का तसं, असं विचारलं. दिवेवालीला तो मुलगा आवडला.

लालच्या बाहेरच्या उजेडासाठी दिवेवालीने इस्त्री आणली होती. ती तापवून, तार काढून, उंच टेबलावर मुलांच्या आवाक्याबाहेर उभी ठेवली. मुलांना डोळे मिटायला लावले आणि तळहात पुढे करायला सांगितले. मग इस्त्रीचं तापलेलं अंग कधी त्यांच्याकडे वळवलं, कधी दुसरीकडे. मुलं डोळे मिटूनच ओळखायला लागली. आली, गेली, परत आली. नणंद म्हणाली, ही ऊब तुमच्यापर्यंत आली ना, तो उजेडच. डोळ्यांना कळला नाही, कातडीला कळला.

मग पडदे ओढले. दिवेवालीने मुलांना बजावलं, की दिव्याच्या आत बघायचं नाही, दिवा ज्याच्यावर पडतो तिकडे बघायचं, आणि दिवा खाली टेबलाकडेच धरला. पांढरे मोजे निळे पेटले. कागद पेटला. सगळ्यांनी बाह्या पुढे केल्या. एका मुलाचा पांढरा शर्ट मात्र काळपटच राहिला आणि त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आपला शर्ट घाणेरडा. दिवेवालीने तो हुंगून बघितला आणि सांगितलं, की तुझ्या घरचा साबण वेगळा आहे, त्यात चमक नाही, एवढंच. शर्ट सगळ्यांच्या इतकाच धुतलेला आहे.

नणंदेने तेवढ्यात समजावलं, की दिव्यातला न दिसणारा उजेड कापड आत घेतं आणि त्याच्या बदल्यात दिसणारा उजेड परत देतं. कोण निळा देतं, कोण हिरवा, कोण काहीच देत नाही. म्हणजे दिवा आपल्याला इतकंच सांगतो की इथे काहीतरी आहे. ते काय आहे हे तो सांगत नाही. ते आपलं आपण शोधायचं.

"त्या न दिसणाऱ्या उजेडाला आपण दिसतो का?" पुढे बसलेल्या मुलीने विचारलं. नणंदेने वहिनीकडे बघितलं, वहिनीने नणंदेकडे. मग नणंद म्हणाली, यावर मी विचार करून सांगते.

मुलांनी घरून आणलेल्या वस्तू एकेक करून दिव्याखाली आल्या. बाटलीचं झाकण, पिवळा मार्कर, बाहुलीचा फ्रॉक. शेवटी वेण्या घातलेल्या एका मुलीने दप्तरातून रुमाल काढून टेबलावर ठेवला.

रुमालावर हिरवे ठिपके होते. पिवळट, झगझगीत.

दिवेवालीने दिवा अगदी जवळ नेला. शंकेला जागाच नव्हती. तिने आवाज होता होईल तितका साधा ठेवून विचारलं, हा कुणाचा रुमाल?

"माझाच," मुलगी म्हणाली. "डोळ्यात काडी गेली होती. डॉक्टरांनी पिवळं औषध घातलं आणि निळ्या दिव्यानं बघितलं. आई म्हणाली, माझा डोळा हिरवा हिरवा दिसत होता. मग पाणी आलं ते मी याने पुसलं."

डोळ्यात ओरखडा असला तर त्या औषधाने दिसतो, असं नणंद मुलांना सांगत होती. मोठ्या माणसांच्या डोळ्यातला दाब तपासतानाही तेच औषध घालतात, आमच्या सासूबाईंना काचबिंदू झाला होता तेव्हा दर खेपेला घालायचे. त्यांना समोरचं दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही. ताटाशेजारची वाटी रोज सांडायची.

दिवेवालीने दिवा विझवला. अंधारात मुलं ओरडली, अजून, अजून. ती जवळच्या छोट्या खुर्चीवर बसली, गुडघे हनुवटीला लागले, तरी उठावंसं वाटेना. चौकट, कप, मोटारसायकल, शेजारून चालताना तिच्याकडे न वळणारी मान. सगळं बाजूचं होतं. समोरचं काहीच नव्हतं.

मुलं गेल्यावर नणंदेने विचारलं, वहिनी, बरं वाटत नाही का? दिवेवालीने पिशवीतून रुमाल काढून तिच्या हातात दिला आणि हा तुमच्या भावाचा, एवढंच म्हणाली. नणंद आधी काही समजली नाही. मग समजली, आणि तिचं तोंड उतरलं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे त्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. दिवेवालीने तरी ते जरा वेळ निरखून बघितलं.

घरी ती त्याच्या आधी पोचली. तो आला, बूट काढले, पाणी प्यायला. ती मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि हात वर करून हलवला. तो पाणी पीत राहिला.

"अहो," ती म्हणाली, "कधीपासून दिसत नाही?"

तो दचकून वळला. तिने रुमाल टेबलावर ठेवला. त्याने रुमालाकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि हळूहळू खाली बसला. मग एकेक गोष्ट बाहेर आली. वळताना एका सायकलवाल्याला लागता लागता राहिलं होतं, तो डावीकडून आलेला दिसलाच नव्हता. म्हणून हा आपला आपण डोळे तपासून घ्यायला गेला. डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, गेलं ते येणार नाही, उरलं ते जपायचं. दर गुरुवारी तपासणी. औषधाने डोळे लाल व्हायचे.

"आणि गाडीचं काय म्हणाले?"

तो रुमालाची घडी घालायला लागला.

"काय म्हणाले डॉक्टर, गाडीचं?"

"सोडा म्हणाले. गेल्या गुरुवारी."

"आज चालवलीत?"

त्याने हो म्हणून मान हलवली. मग स्वतःच बोलायला लागला, की मी आरसे बदलून घेतलेत, हळू चालवतो, सगळे थांबे मला पाठ आहेत, अजून थोडे दिवस रेटलं असतं. दुसरं काय येतं मला, असंही म्हणाला. हे शेवटचं त्याने इतक्या हलक्या आवाजात म्हटलं की तिला त्याच्या हातावर हात ठेवावासा वाटला. तिने ठेवला नाही. तिच्या डोळ्यांसमोर ती बस होती, भरलेली, मागच्या सीटवर शाळेतली वेणीवाली मुलगी.

"तू डेपोत सांगशील," तो म्हणाला. तो विचारत नव्हता, संशय घेत होता. बायकोकडे अशा नजरेने त्याने आजवर बघितलं नव्हतं, आणि ती नजर कशी लागते हे तिला पहिल्यांदा कळलं.

"तुम्हीच सांगायचं," ती म्हणाली. "मी दाराशी उभी राहते. पण उद्या सकाळी गाडीवर चढायच्या आधी."

तो न जेवताच भिंतीकडे तोंड करून झोपला. सकाळी मात्र गणवेश न घालता, साधा शर्ट घालून तयार झाला. डेपो मॅनेजरच्या खोलीचं दार बंद झालं आणि ती बाहेर बाकावर बसली. आत तो खरंच सांगतोय की इकडचं तिकडचं बोलतोय, असं तिच्या मनात आलंच. तिने दाराला कान लावला नाही, पण बाक थोडा सरकवला. मग आतून मॅनेजरचा आवाज आला, की अरे, मला आधी सांगायचंस, आणि ती पाठ टेकून बसली.

पुढे सगळं गोड झालं असं नाही. कित्येक दिवस त्याला स्टोअरमध्ये नटबोल्ट निवडायला बसवलं. घरी तो मुक्यासारखा वावरायचा, आणि जुने सोबती चहाला बोलावायचे तर जायचा नाही. तिनेही त्या डॉक्टरवर विश्वास न ठेवता त्याला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं, तिसऱ्याकडेही नेलं. तिघांनी एकच सांगितलं. तेव्हा कुठे ती सकाळ-संध्याकाळ स्वतः त्याच्या डोळ्यात थेंब घालायला लागली. मी घालीन माझे मी, असं तो म्हणाला, तर तिने बाटली पदराआड धरली. नणंदेकडे ती अधूनमधून दिवा घेऊन जायला लागली. तुमच्यावर उगाच शंका घेतली, असं काही ती तिला म्हणाली नाही. ते नणंदेला कळलं होतं असं वाटतं, कारण तिने एकदा हसत विचारलं, वहिनी, सध्या कुणावर नजर आहे?

मग बसस्थानकावर घोषणा करणारा माणूस नोकरी सोडून गेला. मॅनेजरला दिवेवालीच्या नवऱ्याची आठवण झाली. सगळे मार्ग, सगळे थांबे तोंडपाठ असलेला दुसरा कोण होता? त्याला काचेच्या खोलीत माईकसमोर बसवलं. पहिल्या दिवशी तो इतका पुटपुटला की प्रवासी भलत्याच गाडीत चढले. दुसऱ्या आठवड्यात त्याचा आवाज मोकळा झाला. कुठली गाडी कुठे लागेल हे सांगून झालं की, पायरी ओली आहे, सांभाळून चढा, असं तो आपल्या पदरचं जोडायला लागला. लोकांना त्याची सवय झाली. ज्यांना त्याचं तोंड माहीत नव्हतं, तेही तो सुट्टीवर असला तर चौकशी करायचे.

कारखान्यातून परतताना दिवेवाली आता स्थानकात थोडा वेळ थांबते. तिची बस आधीच लागलेली असली तरी थांबते. परवा तो घोषणा करत होता आणि मधेच त्याने घसा खाकरला. ती काचेच्या खोलीकडे बघत राहिली. आवाज बसलाय, तिच्या मनात आलं. कुठेतरी बर्फाचं पाणी प्यायले असणार, आणि विचारलं तर नाही म्हणणार.